नामे, माके आणि लग्नपत्रिकांची कार्डं

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतोच, पण हे फोनवर सांगता येईना, म्हणून पत्र. इथे जपानमध्ये, निइगातात, बर्फ चालूच आहे. आत्ताच दारातला बर्फ फावड्याने बाजूला ओढला आणि हीटरपाशी येऊन बसले. आई, पायमोजे दोन-दोन घालते, काळजी करू नकोस.

बाबा, परवा पाचवीच्या वर्गात फळ्यावर 'नेम'चं स्पेलिंग लिहिलं आणि एक मुलगा खणखणीत आवाजात म्हणाला, "नामे!" मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. इथली मुलं तिसरीत रोमन अक्षरांत जपानी लिहायला शिकतात, तिथे अक्षर दिसेल तसं वाचायचं. मग एन-ए 'ना' आणि एम-ई 'मे'. 'मेक'चं 'माके'. जतकडच्या तुमच्या शाळेत पोरं अगदी हेच वाचायची. आपल्याकडेही लिहिलं तसं वाचायचं, मग पोरांचा काय दोष? तुम्ही म्हणायचात, "तुझं बरोबरच आहे रे, आता या भाषेची खोड सांगतो." मी मोडक्यातोडक्या जपानीत तेच म्हटलं. पोरगा खुलला.

२००० च्या जूनमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा मी तिसरीत. मला स्वतःला ते पाचवीतच भेटलं, पण तुम्ही रात्री कंदिलापाशी, लाइट गेलेली असताना, पहिलीचं पुस्तक मोठ्याने वाचून सराव करायचात ते आठवतं. पस्तिशी उलटल्यावर परक्या भाषेत तोंड उघडायला किती धीर लागतो, ते मला इथे आल्यावर कळलं. इथल्या वर्गशिक्षिकाही त्यातूनच जाताहेत. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, वर्षाला सत्तर तासिका. माझ्याबरोबर वर्गात उभ्या राहणाऱ्या बाई पन्नाशीच्या आहेत. तासाआधी त्या कोपऱ्यात पुटपुटत असतात, तेव्हा मला तुम्हीच दिसता.

एक चूक कबूल करायची आहे. पहिल्या सत्रात चौथीतली एक मुलगी कधीच बोलायची नाही. मी सगळ्यांसमोर तिच्यापाशी थांबून पुन्हा पुन्हा विचारलं. तिचे डोळे भरून आले, तरी मी लगेच थांबले नाही. मला वाटलं, मी तिला धीट करतेय.

इथे दुपारी सगळी शाळा मुलंच साफ करतात. ओलं फडकं जमिनीवर दोन्ही हातांनी दाबायचं आणि ओणवं होऊन व्हरांडाभर पळत सुटायचं. मीही पुसत होते. जेवण बनवणाऱ्या बाई समोरून गेल्या आणि मी त्यांना "ओबाआसान, छान झालं होतं" असं म्हटलं. तीच मुलगी सरकत माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "सेन्सेई, ओबासान." सेन्सेई म्हणजे बाई. लांब 'आ' म्हटला की आजी, आखूड म्हटला की मावशी. मी महिनाभर त्या बाईंना आजी म्हणत होते! मुलीने मला सांगितलं, पण चारचौघांत नाही. बाबा, तुम्ही मुलाच्या मागे उभे राहून पाटीवरच्या चुकलेल्या अक्षरावर नुसतं बोट ठेवायचात, तोंडाने काही नाही.

आता मी तिच्याशी फडकं मारता मारता बोलते. आधी मी म्हणायचं, मग वाटलं तर तिने. गेल्या आठवड्यात तिने 'रेन' आणि 'लेन' वेगळे म्हणून दाखवले. त्यांच्या कानाला र आणि ल एकच लागतात, आपल्याला ते आयते मिळालेत. उलट माझे 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' सारखेच येतात, कारण आपला एकच व. तिला मी हे सांगितलं. आम्ही दोघी आरशासमोर दात ओठांवर टेकवून सराव करतो.

एक काम आहे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही अक्षरं काढलेली कार्डं माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असतील. आई, तू पुरवण्यांतली चित्रं कापून खळीने चिकटवली होतीस ना? बैलाचं, घागरीचं, एसटीचं. ती पाठवाल का? छापील कार्डं इथे ढीगभर आहेत, पण मला तीच हवीत. एप्रिलमध्ये शाळेचं नवीन वर्ष सुरू होतं, त्याआधी पोचली तर बरं. माळ्यावर बाबांनी चढू नये, शेजारच्या मुलाला सांगा.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुमची,
ताई