‘थांब भो’ म्हणणाऱ्या आप्पांना

आदरणीय आप्पा,

सा. नमस्कार.

तुमचे आभार घरी येऊन मानता आले असते. पण ठोक्याची जुनी घड्याळं जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कितीतरी घरांत अजून बंद पडून भिंतीवर आहेत. घड्याळदुरुस्तीचं तुम्ही शिकवलेलं त्या घरांपर्यंतही पोचावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहोत.

पहिले आभार तुमच्या ‘थांब भो’चे. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला की तुमचं हे ठरलेलं. निम्मा तपास घड्याळ भिंतीवर असतानाच होतो, हे तुम्ही पटवून दिलंत. काटे एकमेकांना घासतात का, लंबक मागच्या फळीला किंवा घंटेच्या तारेला लागतो का, लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर टांगलेला असतो ती मुरगळली आहे का, एवढं आधी बघायचं. पट्टी मुरगळलेली असली की लंबक सरळ न झुलता वळवळतो आणि स्प्रिंगची ताकद त्यातच जाते. मग डोळे मिटून टिक-टॉक ऐकायचं. दोन आवाजांमधलं अंतर सारखं नसेल तर घड्याळ थोडा वेळ चालून थांबणारच, त्याला तेलाचा उपाय नाही. लंबकाला ढकलणारी तार किंचित वाकवावी लागते. लंबक हळूहळू दोन्हीकडे नेऊन ज्या बाजूला ‘टिक’ लवकर येते, त्या बाजूला ती तार केसभर वाकवायची. वाकवताना वरचा नांगर, म्हणजे चाकाचे दाते एकेक करून सोडणारा दोन टोकांचा तुकडा, दुसऱ्या हाताने धरायचा, नाहीतर सगळा जोर चाकाच्या नाजूक दात्यांवर जातो. कितीतरी ‘बिघडलेली’ घड्याळं एवढ्यानेच चालू होतात.

दुसरे आभार आमची बोटं शाबूत ठेवल्याबद्दल. आठ दिवसांच्या अमेरिकन घड्याळांत, अन्सोनियासारख्या, चावीच्या स्प्रिंगा बहुधा डबीत नसतात, उघड्याच असतात. एक काट्यांची, दुसरी ठोक्यांची. त्यांतली ताकद काढल्याशिवाय प्लेटचा, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पितळी पत्र्याचा, एकही नट सोडायचा नाही, आणि नांगर तर मुळीच काढायचा नाही. तो निघाला की चाकं भरधाव सुटतात आणि दाते वाकतात. तुमची रीत अशी: दोन्ही स्प्रिंगांना पूर्ण चावी द्यायची, वेढ्यांवर पोलादी कडी चढवायची, कडी नसेल तर जाड तारेचे चार-पाच वेढे घालून टोकं पक्कडीने पिळायची. मग चावीला गोल लाकडी मूठ बसवून ती तळहातात घट्ट धरायची, खिटी उचलायची आणि मूठ हळूहळू फिरू द्यायची. नुसत्या पाकळीच्या चावीने हे केलं तर पाकळ्या बोटं सोलून काढतात. खिटी म्हणजे सायकलच्या फ्रीव्हीलमधला कुत्राच. तिचा रिव्हेट सैल असेल किंवा टोक झिजलेलं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती दुरुस्त करायची, कारण ती सुटते ती चावी देणाऱ्याच्या हातावरच.

आता तेल. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. आपल्याकडच्या पौष-माघातल्या पहाटे ते घड्याळात मेणासारखं बसतं आणि पुढे चिकट होतं. उन्हाळ्यात पारा ४५च्या घरात गेला की पातळ तेल भोकांतून ओघळून जातं आणि मागे उरते ती शेतातली धूळ. म्हणून तुम्ही घड्याळाचंच तेल वापरायला लावलंत, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढं, आणि मुख्यतः आसाची टोकं जिथे प्लेटमध्ये फिरतात तिथे. चाकांच्या दात्यांना तेल लावायचं नाही. तिथे धूळ धरते आणि ती वाळूच्या कागदासारखं पितळ खाते.

जुन्या तेलावर नवं तेल घालणं म्हणजे चिखलात पाणी ओतणं. भाग सुटे करून रॉकेलमध्ये ब्रशने धुवायचे, पण रॉकेलचा थर मागे राहतो, म्हणून शेवटचं धुणं स्वच्छ पेट्रोलचं. ते अंगणात आणि चुलीपासून लांब. आसाची भोकं टोकदार केलेल्या बांबूच्या काडीने साफ करायची. काडी पांढरी बाहेर येईपर्यंत नवनवी घ्यायची. अमोनियाच्या पाण्यात पितळ जास्त वेळ ठेवलं तर त्याला चिरा पडू शकतात, हेही तुम्ही वेळेवर सांगितलंत. कागदी तबकडीला मात्र पाण्याचा हात लावू दिला नाहीत. अंक पुसले गेले की ते परत येत नाहीत.

झिजून लांबट झालेली भोकं हा खरा कसोटीचा भाग. भोकाभोवती पोंच मारून ते आवळण्याची सवय पूर्वीच्या अनेक दुरुस्त्यांत दिसते. त्याने भोक तात्पुरतं लहान होतं, पण आस आपल्या जुन्या जागेवर येत नाही आणि प्लेट कायमची विद्रूप होते. तुम्ही भोक मूळ केंद्रावर आणून त्यात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, बसवायला शिकवलंत. बुश बसल्यावर ते एकच चाक दोन प्लेटांमध्ये ठेवून पाहायचं: प्लेट उलटी केली की चाक आपल्या वजनाने खाली सरकलं पाहिजे.

ठोक्यांबद्दल तर किती लिहावं! दर तासाला तासाएवढे आणि अर्ध्याला एक, असे १२ तासांत ७८ आणि १२ मिळून ९० ठोके. दिवसाचे १८०, आठवडाभराने १२६०. खाचांचं चाक ठोके मोजतं, पण काटे कुठे आहेत हे त्याला कळत नाही. ठोक्यांची चावी द्यायची राहिली की ते थांबतं, काटे पुढे जातात आणि मग तीनला सात पडतात. लोक म्हणतात घड्याळ बिघडलं. प्रत्यक्षात मोजणीची तार बोटाने उचलून पुढचे ठोके पाडत राहायचं, काट्यांशी जुळेपर्यंत. जुळलं की नाही याची तुमची खूण आम्ही कधी विसरणार नाही: साडेबारा, एक आणि दीड, लागोपाठ तीनदा एकच ठोका पडला पाहिजे.

जोडणी करतानाची खूणही तशीच मोलाची. मोजणीची तार खोल खाचेत असताना हातोडीची शेपटी चाकावरच्या, तिला उचलणाऱ्या एकाही खुंटीवर चढलेली नसावी. चढलेली राहिली तर पुढच्या वेळी चाकांना थांबलेल्या जागेवरून एकदम हातोडी उचलावी लागते आणि ठोका अडकतो. हातोडी घंटेपासून दोन मिलिमीटरभर दूर थांबली पाहिजे, टेकली तर आवाज बसका येतो. तिचं चामडं दगडासारखं झालं असेल तर बदलायचं. घंटेचा गोडवा त्या चामड्यातच असतो.

ऋतूंचा हिशेबही तुमच्यामुळे कळला. पोलादी दांडीचा लंबक उष्णता वाढली की दर अंशाला दिवसाकाठी सुमारे अर्धा सेकंद मागे पडतो. खोलीत हिवाळ्यापेक्षा २५ अंश जास्त ऊन असलं तर आठवड्याला जवळपास दीड मिनिट. तो बिघाड नाही. लंबकाचा नट थोडा वर घ्यायचा, पण जपून, कारण २५ सेंटिमीटरच्या लंबकात एक मिलिमीटर म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन मिनिटं.

आप्पा, यातलं काहीही तुम्ही राखून ठेवलं नाहीत, आणि ‘का’ विचारल्यावर कधी चिडला नाहीत. सध्या एका घड्याळाचं ठोक्याचं चाक बुशला आलं आहे. पुढच्या रविवारी ते घेऊन येतो. प्लेट अजून उघडलेली नाही, ताकद मात्र काढून ठेवली आहे.

तुमची,
अमळनेर-चोपड्याकडची हौशी मंडळी