पेंटर उस्ताद, पिवळ्या पट्ट्यांबद्दल आभार

उस्तादांस सप्रेम नमस्कार,

बंपर पार्किंगच्या पिवळ्या खांबाला घासला की मालकाला वाटतं, गाडीचा रंग गेला. ‘गेला नाही, खांबाचा वर बसलाय,’ हे तुम्ही नखाने दाखवलंत. अख्खं पॅनल रंगवायचं काम सहज मिळालं असतं, ते सोडलंत. त्याबद्दल आधी आभार.

नखाची खूण आता वॉचमनदादाही सांगतात. नख डागावरून आडवं फिरवायचं. उंचवटा लागला तर निघेल. नख खाचेत अडकलं तर क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, कापला गेलाय. आत काळं प्लास्टिक किंवा करडा प्रायमर दिसला, तर घासून काही परत येणार नाही.

आधी कार शाम्पूने धुवायचं, हा तुमचा हट्ट बरोबरच होता. फडक्याखाली वाळूचा एक कण राहिला तरी तोच पॉलिश पेपरचं काम करतो. भिंतीचा डिस्टेंपर असेल तर कोमट पाण्याचं फडकं 10 मिनिटं ठेवलं की बराचसा सुटतो. ऑइलपेंट ओला असताना लागला असेल तर टर्पेंटाइन. खांबाचा रंग जुना, वाळलेला असेल तर टर्पेंटाइनने थोडंफार सैल होतं, उरलेलं काम रबिंग कंपाउंडचं, म्हणजे घासायच्या पेस्टचं. थिनरला मात्र तुम्ही हात लावू दिला नाहीत. कंपनीचा भाजलेला रंग तो क्षणभर सोसतो. मागे कधी टचअप झालेला भाग लगेच चिकट होतो. टूथपेस्ट आणि हिरवी घासणी यांबद्दल तुम्ही जे बोललात ते इथे लिहिता येत नाही.

कंपाउंड बारीक घ्यायचं, तळहाताएवढ्या जागेला वाटाण्याएवढं. गाडी सावलीत, पत्रा गार. तापलेल्या पत्र्यावर ते वाळून खरखरीत होतं. मायक्रोफायबर दोन बोटांवर गुंडाळून सरळ रेषेत दहा-बारा हात, मग पुसून बघायचं. काळ्या खडबडीत प्लास्टिकवर आधी मास्किंग टेप, नाहीतर कंपाउंड खाचांत पांढरं होऊन बसतं. बॉनेटच्या घड्या आणि दाराच्या कडा यांवर रंग पातळ असतो, तिथे दोन हातांत थांबायचं.

आणि सगळ्यात कामाचं म्हणजे फडकं उलटं करून बघणं. फडक्यावर खांबाचा पिवळा येतोय तोवर चालू द्यायचं. गाडीचा लाल दिसला की हात थांबला पाहिजे. क्लिअरकोट जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे साध्या कागदाच्या निम्मा. (क्लिअरकोट नसलेल्या जुन्या गाड्यांत रंग फडक्यावर येतोच, तेव्हा घाबरू नये, हेही तुमचंच.) पिवळा गेल्यावर उरते ती धुरकट छटा, ती पॉलिशने जाते. कंपाउंडने जुनं वॅक्सही निघतं, म्हणून शेवटी वॅक्सचा एक हात.

आपले,
सोसायटीतले गाडीवाले

ता.क. तुमचा कंपाउंडचा डबा वॉचमन केबिनमध्ये आहे, झाकण घट्ट लावून.