वाफा थांबल्या नाहीत, यात बाईची चूक नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाळी जाण्याच्या काळातल्या त्रासावर औषधांशिवाय उपाय सांगणारे लेख मी आवर्जून वाचते, कारण गेली तीन वर्षं मी तो भोगते आहे. आसनं करा, दीर्घ श्वास घ्या, सोयाबीन खा. मी सगळं मनापासून केलं. तरी रात्री घामाने भिजून उठायचे, आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत राहायचं.

नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटी या पाळी जाण्याच्या काळावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ मध्ये हार्मोनविरहित उपाय तपासले. अंगातून येणाऱ्या गरम वाफांसाठी योग, श्वसनाचे व्यायाम, सोया यांची शिफारस त्यांनी केलेली नाही. पुरावा तेवढा भक्कम नाही. औषधांखेरीज शिफारस आहे ती कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी (त्रासदायक विचार आणि सवयी ओळखून बदलायला शिकवणारी उपचारपद्धती), क्लिनिकल हिप्नोसिस (तज्ज्ञाकडून केलेलं संमोहन) आणि वजन जास्त असेल तर ते उतरवणं, यांची. हे वाचलं त्या दिवशी मला रडू आलं. इतके महिने मी स्वतःलाच बोल लावत होते!

मग मी ती थेरपी घेतली. वाफा काही कमी झाल्या नाहीत. पण वाफ आली की ‘सगळे बघतायत, आजची झोप गेलीच’ असं जे मनात सुरू व्हायचं, ते ओळखून तिथेच सोडायला शिकले. रात्री जाग आली तर तळमळत पडायचं नाही, उठून बसायचं. सकाळी मात्र ठरल्या वेळीच उठायचं. झोप बरीच सावरली.

व्यायाम सोडा असं मी म्हणत नाही. इस्ट्रोजेन हे स्त्रीहार्मोन घटलं की हाडं झपाट्याने विरळ होतात, तिथे वजनं उचलण्याचा व्यायाम हवाच. फक्त तो वाफांवरचा उतारा म्हणून सांगू नये. अनेकींचा हा त्रास सात-सात वर्षं चालतो. इतका काळ कुणी स्वतःला दोष देत का जगावं? आणि एखादीने डॉक्टरांशी बोलून हार्मोन घ्यायचे ठरवले, तर ती कमी पडली असंही कुणी म्हणू नये.

एक गोष्ट मात्र घरगुती उपायांत बसत नाही. पाळी सलग बारा महिने बंद राहिल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर लगेच तपासणी करावी. ते गर्भाशयाच्या कर्करोगाचं लक्षण असू शकतं. माझ्या मोठ्या बहिणीने ‘या वयात व्हायचंच’ म्हणून चार महिने अंगावर काढले. तपासणीत सापडलेली तिची गाठ साधी निघाली, पण ते चार महिने आठवले की आजही पोटात गोळा येतो.

आपल्या आरोग्य पुरवणीत यापुढे कोणता उपाय नेमका कशासाठी, हे वेगवेगळं छापावं, आणि रक्तस्रावाची ही सूचना दर वेळी चौकटीत द्यावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक