जॉर्ज सोरोस यांस अनावृत आभारपत्र

श्री. जॉर्ज सोरोस यांस,

सादर नमस्कार.

बुडापेस्टच्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीत 2016-17 या वर्षी मी राज्यशास्त्राचे एम.ए. केले. शिक्षणशुल्क, केरेपेशी रस्त्यावरच्या वसतिगृहातली खोली आणि महिन्याचा खर्च भागेल एवढी रक्कम हे सगळे शिष्यवृत्तीतून मिळाले. मराठवाड्यातल्या एका शिक्षकाच्या पगारात यातले काहीच बसणारे नव्हते. 1991 साली आपण गुंतवणुकीच्या धंद्यात कमावलेल्या ज्या संपत्तीतून हे विद्यापीठ उभे केले, तिच्यातूनच माझे शिक्षण झाले. त्याबद्दलचे आभार चारचौघांत मानावेत असे वाटते, कारण आपले नाव आता आमच्याकडेही शिवीसारखे वापरले जाते, आणि ज्यांना आपल्या देणगीचा प्रत्यक्ष लाभ झाला त्यांनी अशा वेळी गप्प बसणे बरे नव्हे.

त्या पैशाला जोडलेली एकही अट मला कधी दिसली नाही, याचे मोल मला सर्वाधिक वाटते. माझ्या प्रबंधाचा विषय अमेरिकी निवडणुकांतला धनाढ्यांचा पैसा हा होता, आणि 2004 साली जॉर्ज बुश यांचा पराभव व्हावा म्हणून आपण खर्च केलेले सुमारे 2 कोटी 70 लाख डॉलर त्यात उदाहरणादाखल घेतले होते, तेही कौतुकाने नव्हे. मार्गदर्शक बाईंनी माझे आकडे पुन्हा तपासायला लावले, एक परिच्छेद भोंगळ आहे म्हणून सरळ काढायला लावला. पण आपल्यावरची टीका जरा सौम्य करा, असे त्या चुकूनही म्हणाल्या नाहीत.

या मोकळेपणाचे मूळ मला आपल्या तरुणपणात दिसते. 1944 साली जर्मनांनी हंगेरी व्यापली तेव्हा आपण तेरा वर्षांचे होता, आणि वडिलांनी खोटी कागदपत्रे मिळवली म्हणून आपले ज्यू कुटुंब वाचले. 1947 मध्ये आपण इंग्लंडला गेलात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना आपण रेल्वेत हमाली केली, वेटरचे काम केले आणि एकदा क्वेकर पंथीयांच्या एका धर्मादाय संस्थेकडून 40 पौंडांची मदतही घेतली. ज्याने स्वतः कधी परक्यापुढे हात पसरला आहे त्याचे देणे वेगळे असते, असे मला वाटते. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्याकडून आपण घेतलेला विचार, की अंतिम सत्य कोणाच्याच मालकीचे नसते आणि म्हणून समाजात चूक दुरुस्त करण्याची सोय असावी, तो या अनुभवाशी जुळणाराच होता.

1979 साली वर्णद्वेषी राजवटीतल्या केपटाउन विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देऊन आपण दानाची सुरुवात केलीत. मला मात्र हंगेरीतली झेरॉक्स यंत्रे अधिक आवडतात. आमच्याकडे कॉलेजच्या फाटकाबाहेर झेरॉक्सचे दुकान असतेच आणि तिथे कोण कशाच्या प्रती काढतो याची सरकारला फिकीर नसते. साम्यवादी हंगेरीत प्रती काढण्याच्या साधनांवरच पक्षाचा पहारा होता. तिथे 1984 साली प्रतिष्ठान स्थापून आपण ग्रंथालयांना आणि विद्यापीठांना ही यंत्रे पुरवलीत, तेव्हा भाषणबाजी न करताही सेन्सॉरशिपला खिंडार पडले. पुढे बोस्नियाच्या युद्धात वेढ्यात सापडलेल्या सारायेव्हो शहरासाठी आपण 5 कोटी डॉलर दिलेत. पाण्याच्या रांगेत उभ्या माणसांवर जिथे गोळ्या झाडल्या जात, त्या शहरात फ्रेड क्यूनी या अमेरिकी अभियंत्याने त्या पैशातून जलशुद्धीकरणाची यंत्रणा आणली आणि तोफगोळे पोचू नयेत म्हणून ती एका बोगद्यात बसवली.

हा पैसा आला कुठून, हे मी विसरलेले नाही. 16 सप्टेंबर 1992 रोजी पौंड कोसळला तेव्हा, तो पडेल यावर डाव लावून आपल्या फंडाने सुमारे 1 अब्ज डॉलर कमावले, आणि 2002 साली शेअर व्यवहारात आतल्या माहितीचा गैरवापर केल्याबद्दल फ्रान्सच्या न्यायालयाने आपल्याला दोषी ठरवले. आभार मानताना हे झाकून ठेवणे आपल्यालाही रुचणार नाही, असे मी धरून चालते.

एप्रिल 2017 मध्ये हंगेरीच्या संसदेने घाईघाईने असा कायदा केला की आमच्या विद्यापीठाला बुडापेस्टमध्ये राहणे अशक्य व्हावे. 9 एप्रिलच्या मोर्चात हजारो माणसे ‘स्वतंत्र देश, स्वतंत्र विद्यापीठ’ अशा घोषणा देत होती, आणि त्यांतल्या बहुतेकांनी आमच्या वर्गात कधी पाऊलही टाकले नव्हते. त्याच उन्हाळ्यात सरकारने आपल्या हसऱ्या छायाचित्राची पोस्टर्स शहरभर लावली, ‘शेवटी सोरोसला हसू देऊ नका’ अशा मजकुराची. काही ट्रामच्या तर जमिनीवरच ती चिकटवली होती, म्हणजे आत चढणाऱ्याचा पाय आपसूक आपल्या तोंडावर पडावा. हे घडवणारे तत्कालीन पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान 1989 साली ऑक्सफर्डला गेले होते ते आपल्याच शिष्यवृत्तीवर. तेव्हा त्यांच्याकडून निष्ठेची हमी घेतली गेली नव्हती, जशी माझ्याकडूनही घेतली गेली नाही. 2019 पासून विद्यापीठाला मुख्य अभ्यासक्रम व्हिएन्नाला हलवावे लागले. 2020 मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायदा अवैध ठरवला, पण तोवर बिऱ्हाड हलले होते.

भारताविषयी आपण फेब्रुवारी 2023 मध्ये म्युनिकला जे बोललात, त्यानंतर माझ्यासारखीने आपला उल्लेख करणेही नातेवाइकांना खटकू लागले. अदानी प्रकरणामुळे भारतात लोकशाहीचे पुनरुज्जीवन होईल, हा आपला अंदाज मलाही उथळ वाटला होता, आणि तो परक्या व्यासपीठावरून सांगण्याने इथल्या विरोधकांचे नुकसानच अधिक झाले असे माझे मत आहे. निवडणुकांतल्या पैशाला मर्यादा हवी, आपल्याही पैशाला, हे प्रबंधात मांडलेले मतही मी बदललेले नाही. तो प्रबंध विद्यापीठाच्या संग्रहात आहे; सवड झाल्यास चौथे प्रकरण जरूर चाळावे, त्यात आपल्यावर सर्वांत कडक लिहिले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली ऋणी,
सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीची एक माजी विद्यार्थिनी