लॉबीत चकचकीत ग्रॅनाइट नको: सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समितीचे सदस्य

विषय : लॉबीची नवी फरशी, जिने आणि ज्येष्ठांचे खुब्याचे फ्रॅक्चर

महोदय,

तळमजल्याच्या लॉबीत आरशासारखं पॉलिश केलेलं काळं ग्रॅनाइट बसवण्याची सूचना फलकावर लागली आहे. वर्क ऑर्डर निघण्याआधी पुढचे मुद्दे विचारात घ्यावेत. सही करणाऱ्यांत अस्थिरोग, फिजिओथेरपी आणि बांधकाम या क्षेत्रांतले सभासद आहेत.

म्हातारपणी खुबा मोडायला जिन्यावरून गडगडत यावं लागत नाही. चालता चालता बाजूला पडलं तरी पुरतं. तरुण माणूस तोल जाताच पाऊल पुढे टाकतो किंवा हात टेकतो. सत्तरीनंतर ती चपळाई राहत नाही. मार थेट कुल्ह्याच्या बाहेरच्या बाजूवर बसतो आणि आतलं हाड आधीच ठिसूळ झालेलं असतं. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागते, तीही शक्यतो ४८ तासांच्या आत. ती नीट पार पडूनही अनेकांचं एकट्याने बाहेर जाणं कायमचं थांबतं.

आता ग्रॅनाइट. कोरडं असताना ते फारसं दगा देत नाही. पावसाळ्यात छत्र्यांचं पाणी आणि फेनाइलचा पोछा यांनी त्यावर जो पातळ थर बसतो, तो घसरवतो. काळ्या रंगावर पाणी दिसत नाही, आणि मोतीबिंदू असलेल्यांना वरच्या दिव्यांची चमक डोळ्यांत येते. दगडच हवा असेल तर लेदर फिनिश (चमक नसलेला, किंचित उंचसखल पृष्ठभाग) घ्या, दाराबाहेरच्या पट्ट्यात फ्लेम फिनिश (ज्वालेने खरखरीत केलेला). टाइल घेणार असाल तर लॉबीत किमान आर-१० आणि प्रवेशापाशी आर-११ दर्जाची मागा (हा घसरण रोखण्याचा दर्जा; आकडा मोठा तेवढी पकड जास्त). विक्रेता 'अँटी-स्किड आहे हो' म्हणाला, एवढ्यावर भागवू नये. नमुन्यावर साबणाचं पाणी ओतून झिजलेल्या चपलेने तो घासून पाहिला की निकाल तिथल्या तिथे लागतो.

याहून मोठी चूक कोटेशनच्या एका ओळीत आहे : 'जुन्या फरशीवरच नवीन बसवणे'. २० मिमी दगड आणि २५ मिमी मसाला धरला तर लॉबी ४५ मिमी वर येईल. म्हणजे जिन्याची पहिली पायरी १६० ऐवजी ११५ मिमीची होईल आणि बाकीच्या तशाच राहतील. पाय मोजून टाकले जात नाहीत. दोन पायऱ्यांतच त्यांना उंचीची सवय होते. उतरताना शेवटची पायरी अचानक उथळ लागली की टाच आधीच आदळते आणि तोल जातो. लिफ्टच्या दारापाशी उतार द्यावा लागेल तो वेगळाच, आणि वॉकरची पुढची चाकं नेमकी तिथे अडतील. जुनी फरशी उखडूनच काम करावं. राडारोड्याचा खर्च वाढेल, तो मान्य करावा.

जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. उजव्या हातात काठी असलेल्याला चढताना तो मिळतो, उतरताना मिळत नाही. भिंतीच्या बाजूने ४० मिमी व्यासाचा गोल पाइप, पायरीच्या कडेपासून सुमारे ९०० मिमी उंचीवर, भिंतीपासून ५० मिमी अंतर सोडून लावावा. पाइप शेवटच्या पायरीपुढे ३०० मिमी जाऊ द्यावा. कठडा संपला की हाताला 'जिना संपला' असं वाटतं, आणि आपल्याकडे तो एक पायरी आधीच संपतो. प्रत्येक पायरीच्या कडेला ५० मिमीची वेगळ्या रंगाची पट्टी हवी. चिकटपट्टीची कड काही महिन्यांत सुटते आणि तिच्यातच पायाचं बोट अडकतं, म्हणून स्क्रूने बसणारी ॲल्युमिनियमची घ्यावी.

सेन्सरचे दिवे वीज वाचवायला लावले, ते ठीकच. पण ते ३० सेकंदांत विझतात, आणि गुडघे दुखणारं माणूस तेवढ्यात अर्ध्या जिन्यावर असतं. वेळ ३ मिनिटांवर आणावी. सेटिंग दिव्याच्या मागेच असतं, इलेक्ट्रिशियनला पाच मिनिटांचं काम आहे. सेन्सर पहिल्या पायरीच्या आधीच माणूस टिपेल अशा बेताने वळवावा.

लिफ्टपुढची गोणपाटं उचलावीत, खाली रबर असलेली मॅट घालावी. पोछा सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या वेळेत नको. फेनाइलनंतर साध्या पाण्याचा हात आणि कोरडं पुसणं हवंच.

घराच्या आतलं समितीच्या हाती नाही, पण बाथरूममध्ये आधाराचा दांडा लावायला भिंतीत ड्रिल करू न देण्याचा नियम मात्र समितीचाच आहे. गळतीची भीती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे पाइपलाइन टाळून भोक पाडायचं आणि ते सिलिकॉन सीलंटने बंद करायचं. आपल्या आतल्या भिंती एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटी ठोकळ्यांच्या) आहेत, त्यांत साधा प्लास्टिकचा गट्टू वजन पडताच उपटून येतो. केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का चिकटवलेला बोल्ट) लागेल. परवानगी नाही म्हणून लोक टॉवेलच्या दांड्याला धरून उठतात, आणि तो हातात येतो. साठीवरच्या सभासदांना ही परवानगी सरसकट द्यावी. दार आत उघडणारं असेल तर पडलेल्या माणसामुळेच ते उघडत नाही, म्हणून दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करणं आणि बाहेरूनही उघडता येणारी कडी लावणं सुचवावं.

हाडांच्या घनतेची तपासणी (डेक्सा), ड जीवनसत्त्व, झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्या हा ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचा विषय आहे. क्लब हाऊस आठवड्यातून दोन सकाळी मोकळं दिल्यास खुर्चीतून हात न टेकता उठणं आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम आम्ही घेऊ.

सुरक्षारक्षकांना एवढं तरी लेखी द्यावं : पडलेल्या ज्येष्ठाचा एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, किंवा मांडीत वा जांघेत कळ आली, तर त्यांना उभं करू नये, चालवून पाहू नये, तेल चोळू नये. कधी कधी नुसता गुडघाच दुखतो, तेही गंभीरच धरावं. दोन पायांमध्ये उशी ठेवावी, खायला-प्यायला देऊ नये, १०८ला फोन करावा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का ते घरच्यांना विचारून ठेवावं. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. जिन्याने न्यायला कापडी घडीचं स्ट्रेचर केबिनमध्ये असावं.

समितीने पाहणी संध्याकाळी दिवे लागल्यावर करावी. दुपारच्या उजेडात यातलं निम्मं दिसत नाही. मापं घेऊन आम्ही सोबत येऊ.

कळावे,
आपले,
ब विंगमधील काही सभासद