कानदुखी, अर्धवट औषधे आणि हाडांची झीज

माननीय संपादक,

पावसाळा लागला की आमच्या गुहागर-दापोलीच्या पट्ट्यात सर्दीपाठोपाठ मुलांचे कान दुखू लागतात, आणि मेडिकलमधून परस्पर आणलेले प्रतिजैविक पुष्कळ घरांत ठणका थांबताच बंद केले जाते. मधल्या कानातील संसर्ग वाढला की सुजेमुळे हाड झिजवणाऱ्या पेशी सक्रिय होतात. कानामागच्या हाडातील हवेच्या पोकळ्यांमधल्या नाजूक भिंती विरू लागतात, तर जुनाट आजारात मधल्या कानातून आवाज पुढे पोहोचवणाऱ्या ऐरण या इवल्याशा हाडाचा लांब दांडा, त्याचा रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असल्याने, बहुधा सर्वांत आधी झिजतो आणि ऐकू येणे कमी होते. प्रतिजैविक जंतू मारते, पण झिजलेला दांडा पुन्हा उभा करू शकत नाही. त्यातही अपुऱ्या औषधाने ताप व ठणका दबून आत हाडाची झीज गुपचूप चालू राहू शकते, हे मला सर्वांत घातक वाटते.

प्रत्येक कानदुखीला प्रतिजैविक लागतेच असे नाही. ते डॉक्टरांनी कानाचा पडदा पाहून ठरवावे, आणि दिल्यास सांगितलेली मुदत पूर्ण करावी. वाहत्या कानात कोमट खोबरेल ओतणे तर कटाक्षाने टाळावे. कानामागे लाली वा सूज दिसली, कान पुढे ढकलल्यासारखा वाटला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.

शाळा सुरू होताच जूनमध्येच विद्यार्थ्यांची कानतपासणी व्हावी, अशी जिल्ह्याच्या आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

— एक पालक, गुहागर