दोन तारखेला चौकात जाऊ नकोस

चि. निखिल,

काल फोनवर तुझं आणि काकांचं इतकं वाजलं की मला मध्ये बोलताच आलं नाही, म्हणून लिहितेय. काका म्हणाले स्पेनने सातशे-आठशे वर्षांनी मुसलमान राजांकडून आपली जमीन परत मिळवली, तू म्हणालास इतकं सरळ नाहीये ते, आणि मग दोघांचेही आवाज चढले. मला एवढंच म्हणायचंय की दोन जानेवारीला तू ग्रानाडाच्या त्या टाउन हॉलसमोर फोटो काढायला जाऊ नकोस. तूच सांगितलंस ना, १४९२ साली मुसलमानांचं तिथलं शेवटचं राज्य ग्रानाडा घेतलं तो दिवस म्हणून वरून झेंडा फडकवतात, खाली जयजयकार करणारे, शेजारी निषेधवाले, मध्ये पोलीस. तू सावळा, दाढी वाढवलेली, बॅगेत अरबी कागद. कोण तुला काय समजेल?

तू गेल्यापासून मीही वाचतेय. एल सिद या स्पेनच्या गाजलेल्या ख्रिश्चन योद्ध्याचं फार नवल वाटलं बघ, राजाने हाकलल्यावर सारागोसाच्या मुसलमान राजाकडे नोकरी धरली, त्याच्यासाठी ख्रिश्चनांशीही लढला आणि १०९४ ला वालेन्सिया घेतलं ते स्वतःसाठीच. ख्रिश्चन राजांनी टोलेडो घेतलं १०८५ ला, कॉर्दोबा १२३६, सेविल १२४८, आणि त्यानंतर ग्रानाडा कास्तिल या ख्रिश्चन राज्याला खंडणी भरत जवळजवळ अडीचशे वर्षं टिकून. म्हणजे तुझंच बरोबर होतं रे, पण हे काकांना शांतपणे सांगता आलं असतं. पावसात तुझ्या डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून सायकलवरून शाळेत तेच सोडायचे, स्वतः चिंब भिजून. मोठ्यांशी बोलताना जरा... जाऊ दे, परत लेक्चर झालं, सॉरी.

पण भीती का वाटते सांगू? तो नोव्हेंबर १४९१ चा करार वाचला. ग्रानाडाचा शेवटचा सुलतान बोआब्दिल याने शहर द्यायचं, बदल्यात लोकांचा धर्म, मशिदी, काझी, घरंदारं सगळं तसंच राहील असं स्पेनच्या राजा-राणीने लिहून दिलं. ज्यूंना तर १४९२ च्या मार्चमध्येच देश सोडायचं फर्मान. १४९९ ला सिस्नेरोस हा आर्चबिशप आला, जबरदस्तीने बाप्तिस्मे सुरू, अरबी पुस्तकांची चौकात होळी, आणि १५०२ ला कास्तिलभर बाप्तिस्मा घ्या नाहीतर चालते व्हा. लेखी शब्द दहा वर्षं टिकला नाही. आणि हे लांबचं नाहीये, गार्सिया द ऑर्ताचे आईवडील त्याच फर्मानामुळे स्पेनमधून पोर्तुगालला पळाले, तो गोव्यात येऊन नावाजलेला वैद्य झाला, आपल्याकडच्या औषधांवर पुस्तक लिहिलं, आणि मेल्यावर १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. आजीच्या गोव्यातल्या माहेरच्यांनी पोर्तुगीजांच्या काळात देव का हलवला ते तुला माहीतच आहे.

म्हणून म्हणते त्या गर्दीत नको. तू घाबरट व्हावंस असं नाही, उलट तू अरबी वाचतोस हे मी पोस्टातल्या बाईंनासुद्धा सांगून आले. पण ते वाचायला आधी धड राहायला हवंस ना.

सेविलला गेलास की ते शहर घेणाऱ्या राजा फर्नांडो तिसऱ्याची कबर बघ, तिच्यावर लॅटिन, कास्तिलियन, अरबी, हिब्रू असे चार भाषांतले लेख आहेत. त्यातला अरबी वाचून व्हॉइस मेसेज कर, काकांनाही पाठव, त्यांना आवडेल, बोलणार नाहीत एवढंच. आणि दोन तारखेला तुमच्या सकाळी मी व्हिडिओ कॉल करणार आहे, तिकडचा सोहळा संपेपर्यंत ठेवणार नाही, लॅपटॉप चार्ज करून बस.

तुझी,
आई